सातवी वायर

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी शिवमूर्तीनं जिन्यातल्या पेटीतली सातवी वायर उपसली, आणि समोरच्या आक्कांच्या खिडकीतनं त्याच्या बायकोचा आवाज आला, "अगं बया, गेली की!"

तो वायर हातात धरून तसाच उभा राहिला. निर्मला देवळात गेलेली. म्हणजे तसं सांगून गेलेली. गेलं वर्षभर दर रविवारी चारच्या ठोक्याला ती पायात चपला सरकवायची, "महादेवाला जाऊन येते" म्हणायची आणि पाचला परत यायची. येताना हातात बेलाचं पान असायचं, ते ती देव्हाऱ्यात ठेवायची. आता शिवमूर्तीच्या ध्यानात आलं की आक्कांच्या परसात बेलाचं झाड आहे. चांगलं दोन पुरुष उंचीचं झाड, रोज दिसणारं. शिरोलीच्या फौंड्रीत सत्तावीस वर्षं स्टोअर सांभाळणारा माणूस, कुठल्या खणात कुठला बोल्ट आहे हे डोळे झाकून सांगणारा, आणि घरात येणारं पान कुठल्या झाडाचं ते त्याला कळलं नाही. त्याला आधी स्वतःचाच राग आला. मग त्यानं वायर परत भोकात सारली. खटका बसला, हिरवा दिवा लागला, लुकलुकला, आणि थोड्या वेळानं समोरच्या खिडकीतनं दुसरा एक आवाज आला, बारीक, पत्र्याच्या डब्यातनं आल्यासारखा. "आई, दिसतीय का आता?" "दिसतीय, दिसतीय, हललीस तरी दिसतीय," निर्मला म्हणाली, आणि हसली. बायको अशी हसते हे तो विसरून गेला होता. आणि तो बारीक आवाज सौंदर्याचा होता, त्याच्या लेकीचा. वर्षभरानं तो त्याच्या कानावर पडत होता. जिन्यात गरम प्लास्टिकचा आणि धुळीचा वास होता. त्यानं कठडा धरला आणि पायरीवर बसला.

ही पेटी त्याच्या जिन्यात कशी आली ते सांगायला पाहिजे. शुक्रवार पेठेतली ही गल्ली म्हणजे समोरासमोर मिळून बावीस घरं, आणि शिवमूर्तीचं घर बरोबर मधोमध. दोन हजार पाचच्या दसऱ्याला केबलवाला सयाजी दारात आला. म्हणाला, "आण्णा, गल्लीत नेट आणतोय. पेटी बसवाय मधलं घर लागतं. तुमची जागा, तुमचा करंट. त्याबदल्यात तुमाला नेट फुकट." सौंदर्या तेव्हा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती, तिला पाहिजेच होतं. मग शंभराच्या स्टॅम्पवर करार झाला, तीन वर्षांचा. मुदतीआधी मोडायचा झाला तर एक महिन्याची लेखी सूचना, म्हणजे सयाजीला पेटी दुसरीकडं हलवता येईल, आणि सूचना दिली नाही तर दोन हजार रुपये भरपाई. शिवमूर्तीनं तो कागद तीनदा वाचून मग सही केली होती. पेटीत सोळा भोकं, त्यातली अकरा भरलेली, अकरा घरांच्या अकरा वायरी गच्च्यांवरनं लोंबकळत येऊन त्याच्या जिन्यात शिरलेल्या. कुठली वायर कुणाची हे सयाजीनं लिहून ठेवलं नव्हतं. हे शिवमूर्तीला कसं सहन व्हावं? स्टोअरमध्ये खणावर चिठ्ठी नसली की त्याचं डोकं उठायचं. म्हणून तो अधनंमधनं एकेक वायर उपसायचा आणि गल्लीत कोण बोंबलतंय ते ऐकायचा. पहिली आकाराम शिंप्याची, दुसरी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याची, चौथी तालमीमागच्या पोरांची. ऐकलं की चिकटपट्टीवर नाव लिहून वायरीला चिकटवायचा. सातवी राहिली होती. सातवीचा दिवा एरवी मेल्यागत असायचा आणि रविवारी चारला मात्र वेड्यासारखा पळायचा. ते काय आहे एवढंच बघायला तो त्या दिवशी गेला होता, दुसरं काही मनात नव्हतं. हे तो नंतरही स्वतःला बजावत राहिला.

आक्का म्हणजे गल्लीच्या आक्का, शाळेतनं निवृत्त झालेल्या बाई, एकट्या राहणाऱ्या. मुलगा पुण्यात, त्यानं आईला कॉम्प्युटर घेऊन दिला होता. तोच हा कॉम्प्युटर. आणि शिवमूर्तीच्या घरात सौंदर्याचा कॉम्प्युटर होता, तो वर्षभर जुन्या चादरीखाली झाकलेला. त्या खोलीत कुणी जात नव्हतं. निर्मला महिन्यातनं एकदा केर काढायची, तेवढंच. पोरीच्या लग्नाचं नाव काढलं की लोक विचारतात, कुठं जमलं, कसं जमलं. शिवमूर्तीला कुणी विचारलं नाही, कारण सगळ्या पेठेला माहीत होतं की राजवीरला घरात त्यानंच आणलं होतं. फौंड्रीत शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागलेलं पोरगं, वारणानगरकडचं, मराठ्याचं, खोलीवर एकटं राहणारं आणि वडापाव खाऊन दिवस काढणारं. शिवमूर्तीला दया आली. "चला पावणं, आमच्याकडं जेवून जावा. आमच्यात मटण न्हाई हं, आधीच सांगतो." राजवीर जेवला, दोनदा आमटी मागून घेतली, सौंदर्याच्या कॉम्प्युटरचं काहीतरी बिघडलं होतं ते दुरुस्त करून गेला. मग परत आला. मग परत. शिवमूर्ती स्वतः त्याला वाढायचा, "लाजू नका, घ्या की" म्हणायचा. आणि जानेवारीच्या एका मंगळवारी दोघांनी कचेरीत जाऊन सह्या केल्या. पोरगी जातीबाहेर गेली याचं दुःख त्याला होतंच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच. आपण वाढत होतो आणि ही दोघं आपल्या ताटाआडनं एकमेकांकडं बघत होती. आपण त्यांना किती येडं वाटलो असू. दोघं दारात पाया पडायला आली तेव्हा त्यानं दार उघडलं नाही. आतनंच मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपासनं तिचं नाव या घरात काढायचं न्हाई. ज्याला काढायचंय त्यानं बाहेर जाऊन काढावं." निर्मला न्हाणीघराच्या दारात उभी होती. तिनं मान हलवली. बायको एवढ्या मुकाट्यानं ऐकते याचं त्याला तेव्हा बरं वाटलं होतं.

आणि तिनं शब्द पाळला होता की. नाव घरात काढलं नव्हतं, बाहेर जाऊनच काढत होती. पायरीवर बसल्या बसल्या शिवमूर्तीला हे सुचलं आणि तो चरफडला. खाली गल्लीत जाऊन आक्कांच्या दारावर थाप मारावी, निर्मलाचा दंड धरून तिला ओढत आणावी, असं एकदा वाटलं. पण मग सगळी गल्ली बघणार. गल्लीला हे आधीच माहीत असणार, हेही त्याच क्षणी त्याला कळलं. दूध घालायला येणारा गडमुडशिंगीचा ज्ञानू, आकाराम शिंपी, झेरॉक्सवाला, सगळे रविवारी चारला निर्मलाला समोरच्या दारात शिरताना बघत असणार आणि पाचला बेलाचं पान घेऊन परत येताना. आणि मग त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत असणार. पुन्हा तेच. पुन्हा त्याच्या ताटाआडनं. पाचला निर्मला आली, पान देव्हाऱ्यात ठेवलं, म्हणाली, "देवळात लई गर्दी हुती." तो म्हणाला, "व्हय?" आणि पेपर उलटला.

त्याच्या पुढच्या रविवारपासनं तो चार वाजता जिन्यात जाऊन बसायला लागला. पायरीवर जुनं पोतं टाकलं, पेटीचं दार उघडं ठेवलं. सातवा दिवा बघत बसायचा. पळायला लागला की समजायचं, बोलणं सुरू झालं. शब्द सगळे ऐकू यायचे नाहीत, पण आवाज यायचे. सौंदर्या जर्मनीत होती हे त्याला असंच कळलं. राजवीरला तिकडच्या एका फौंड्रीत नोकरी लागली होती. तिकडं बर्फ पडतो, तिकडं भाकरीचं पीठ मिळत नाही, राजवीर पोळ्या लाटतो. हे ऐकताना शिवमूर्तीला हसू यायचं आणि मग हसू आलं म्हणून संताप यायचा. अशा वेळी तो सातवी वायर उपसायचा. खटका अंगठ्यानं दाबायचा, वायर अगदी अलगद निघायची, आणि समोरून निर्मलाचं "गेली, गेली!" यायचं. त्याला ते ऐकून मनापासून बरं वाटायचं. लपवण्यात काय अर्थ आहे, बरं वाटायचं. अंगावरनं थंड पाणी ओतून घेतल्यासारखं. मग तो मनात पन्नास अंक मोजायचा आणि वायर परत घालायचा. कधी साठ. एकदा सौंदर्या रडत होती, निर्मला "रडू नगंस बाळा, आईकडं बघ" म्हणत होती, तेव्हा त्यानं वायर उपसली आणि दोनशेपर्यंत मोजलं. आक्का सयाजीला फोन करायच्या. सयाजी सोमवारी यायचा, पेटी बघायचा, डोकं खाजवायचा. "आण्णा, हे भोक ढिलं झालंय काय की." शिवमूर्ती म्हणायचा, "तुझा मालच रद्दी." सयाजीनं भोक बदललं तर तोही चिकटपट्टी बदलायचा. सातवी वायर नवव्या भोकात गेली तरी त्याच्या लेखी ती सातवीच होती.

मे महिन्यात समोरचे आवाज बदलले. निर्मला सारखी विचारायला लागली, झोप लागते का, पाय सुजलेत का. शिवमूर्तीला कळायला दोन रविवार लागले. तिसऱ्या रविवारी तो वायर उपसायला विसरला. घरात निर्मला काही बोलत नव्हती, पण एकदा त्यानं बघितलं, ती जुन्या लुगड्यांच्या चौकोनी घड्या घालत होती, दुपट्यांसाठी, आणि तो दिसताच तिनं वर उशी ठेवली. जूनच्या शेवटच्या रविवारी समोरच्या खिडकीतनं आलेला आवाज माणसाचा वाटलाच नाही. मांजराच्या पिलासारखं काहीतरी. मग आक्का ओरडल्या, "निर्मला, नाक बघ की गं नाक! सरळ तुमच्या घरचं!" शिवमूर्तीनं जिन्यात बसून स्वतःच्या नाकाला हात लावला. त्याचं नाक त्याच्या आईचं होतं. त्याच्या आईचं, नीलव्वाचं. आई गेली तेव्हा सौंदर्या नऊ वर्षांची होती. आईला लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवलं, तळहातावर तिचं गळ्यातलं लिंग ठेवलं, तेव्हा सौंदर्या त्याचं बोट धरून उभी होती आणि रडली नव्हती. घरी आल्यावर म्हणाली, "आप्पा, मला मुलगी झाली की मी तिचं नाव नीला ठेवणार. म्हणजे आजी परत आल्यासारखं." तो तेव्हा ढसाढसा रडला होता, त्या एका वाक्यानं. पुढं कितीतरी वेळा त्यानं तिला चिडवलं होतं, "ठेवणार न्हवं नीला? का सासरची माणसं ठेवू द्याची न्हाईत?" ती म्हणायची, "बघतेच कोण अडवतंय." आता तो रविवारी चारला दुसरं काहीच ऐकत नव्हता. त्या पोरीला कुठल्या नावानं हाक मारतात, एवढंच. पण पोर अजून बिननावाचं होतं. सगळे बाळ म्हणत होते.

आणि बारसं ठरलं. ऑगस्टमधला दुसरा रविवार, दुपारी चार. हे आक्कांच्या मोठ्या आवाजामुळं कळलं. राजवीरच्या घरच्यांनीही त्याला तोडला होता, त्यामुळं कानात नाव सांगायला आत्या येणार नव्हती. आक्का म्हणाल्या, "आत्या न्हाई तर आजी सांगंल. हितनं सांग. सौंदर्या तिकडं हेडफोन बाळाच्या कानाला लावंल." निर्मला म्हणाली, "तसं चालतं व्हय?" आक्का म्हणाल्या, "न चालाय काय झालं? आवाज तुझाच की." मग नाव काय यावर कुजबुज झाली, आणि कुजबुज जिन्यापर्यंत पोचली नाही. शिवमूर्ती पायरीवर उभा राहिला, जिन्याच्या खिडकीतनं मान पुढं काढली. काही नाही. त्या रात्री जेवताना निर्मलाच्या तोंडाकडं बघत बसला. तिच्या तोंडात ते नाव होतं. तिला माहीत होतं आणि त्याला नव्हतं. एवढी लहानशी गोष्ट, दोन-तीन अक्षरांची, आणि ती आपल्याच घरात आपल्यापासनं लपवलेली. आणि समजा, नाव नीला नसलंच तर? तर पोरगी विसरली, संपलं. आणि असलं तर? ते असलं तर काय करायचं ते त्याला कळेना. असलं तर उठून गल्ली ओलांडावी लागणार होती. आक्कांच्या दारात उभं राहून, आकाराम शिंप्याच्या देखत, चपला काढून आत जावं लागणार होतं. त्याला त्या नावाची भीती वाटायला लागली.

त्याच आठवड्यात दारात एक माणूस आला, गळ्यात टाय, हातात रंगीत कागद. टेलिफोनच्या वायरीवरनंच येणारं नवं नेट, दुप्पट वेगाचं. "काका, सध्या कुणाचं आहे? वापर किती होतो?" शिवमूर्तीनं चादरीखालच्या कॉम्प्युटरकडं बघितलं आणि म्हणाला, "लई." त्यानं तिथंच अर्ज भरला. मग कपाटातनं सयाजीचा स्टॅम्पपेपर काढला आणि चौथ्यांदा वाचला. करार दसऱ्याला आपोआप संपत होता, दोन महिने राहिले होते. सूचना देऊन सोडायचा तर एक महिना. पण सूचना न देता दोन हजार भरले की त्याच दिवशी सुटका. हे कलम वाचताना त्याचं डोकं एकदम शांत झालं. कुणाला मारायचं नाही, कुणाला शिवी द्यायची नाही. आपण फक्त कनेक्शन बदलतोय. कागदावर आहे, सयाजीची सही आहे. आपल्या घरातली पेटी, आपल्या घरातला करंट, आपण कधी बंद करायचा ते आपण ठरवणार. रविवारी, दहा ऑगस्टला, चार वाजता.

शनिवारी त्यानं सयाजीला बोलावून सांगितलं. सयाजीचा चेहरा उतरला. "आण्णा, असं करू नका वं. आठ दिस द्या. आक्कांच्या जिन्यात पेटी हलवतो, अकरा वायरी वडून घ्याच्या म्हंजे यळ लागतो की. दोन हजार नगंत मला."

"मला पायजेत भरायला," शिवमूर्ती म्हणाला. "कागदावर हाय न्हवं?"

"हाय. पर आण्णा..." सयाजीनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली घेतला. "उद्या चारला समोर कार्यक्रम हाय. तुमाला ठावं हाय का न्हाई मला म्हाईत न्हाई. निदान उद्याचा दिस तरी. सोमवारी मी सोता येऊन पेटी काढतो."

"कसला कार्यक्रम?" शिवमूर्तीनं विचारलं.

सयाजीनं त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "काय न्हाई," आणि खिशातनं पावतीपुस्तक काढलं. त्याच्या नजरेत जे होतं ते शिवमूर्तीला आवडलं नाही. त्यानं नोटा मोजून दिल्या आणि पावती नीट घडी घालून कराराच्या कागदात ठेवली.

रविवारी निर्मलानं इरकल नेसली, हिरवी, नारायणपेठीसारख्या काठाची, सौंदर्या इंजिनिअरिंगला लागली तेव्हा घेतलेली. केसात अबोली. कपाळाला विभूतीची तीन बोटं ओढलेली. शिवमूर्ती आरामखुर्चीत होता. "देवळात जायाला एवढं नटायचं?" तो म्हणाला. ती दारात थांबली. पदर नीट केला, परत नीट केला. मग त्याच्याकडं न बघता म्हणाली, "आज जरा इशेष हाय." आणि थोडं थांबून, "तुमी येता का?" अठरा महिन्यांत तिनं त्याला कधी देवळात बोलावलं नव्हतं. तिला माहीत होतं. त्याला माहीत आहे हे तिला माहीत होतं, कदाचित पहिल्या दिवसापासनं. जिन्यातलं पोतं ती रोज झाडत नव्हती का? ती दारात उभी होती आणि तिचा हात चौकटीवर होता, नखाखाली हळद, रात्री कसला तरी स्वयंपाक करून कुठं तरी लपवलेला. एक शब्द पुरे होता. व्हय. चला. नुसतं उठलो असतो तरी चाललं असतं, असं त्याला पुढं कितीदा तरी वाटलं. त्याच्या गुडघ्यांनी उठायची तयारीही केली. आणि तेवढ्यात त्याला राजवीरचा आमटीची वाटी पुढं करणारा हात आठवला. "मला काम हाय," तो म्हणाला. निर्मलानं मान हलवली, अगदी तशीच, अठरा महिन्यांपूर्वी न्हाणीघराच्या दारात हलवली होती तशी, आणि गेली.

तो जिन्यात गेला. पोत्यावर बसला नाही, उभा राहिला. पेटीच्या वर भिंतीला तिचा मेन स्विच होता, काळा, जुना. समोर पाच बायका पाळणा म्हणत होत्या, आक्कांचा आवाज सगळ्यांच्या वर. आतून बाळाचं कुरकुरणं यायचं, सौंदर्याचं "श्श, श्श" यायचं. सगळे दिवे पळत होते, रविवार होता, पोरं खेळत होती. सातवी सगळ्यात जोरात. पाळणा संपला. "हं, निर्मला, माईकजवळ ये," आक्का म्हणाल्या. "सौंदर्या, लाव गं कानाला." राजवीरचा आवाज आला, "लावलाय, आक्का." शिवमूर्तीचं बोट स्विचवर होतं. गल्ली गप्प झाली, किंवा त्याला तसं वाटलं. मग निर्मलाचा आवाज, कापरा, तिच्या तोंडाला शोभणार नाही इतका लाडाचा. "कुर्र्र." पोर गप्प झालं. "कुर्र्र." अजून एक सेकंद थांबलं की नाव येणार होतं. तेवढं ऐकून बंद केलं तरी चालणार होतं, करारात काही सेकंद लिहिले नव्हते. आणि नेमकं तेच त्याला नको झालं. नाव कानावर पडलं आणि ते आईचं निघालं, तर हे बोट खाली जाणार नाही, हे त्याला पक्कं कळलं. तिसरं "कुर्र्र" सुरू झालं आणि त्यानं स्विच दाबला.

अकरा दिवे एकदम गेले. पेटी घुमायची थांबली. तो घुमण्याचा आवाज तीन वर्षं घरात होता, हे तो थांबल्यावरच कळलं. मग गल्लीभर बोंब उठली, ह्या गच्चीतनं, त्या खिडकीतनं, "गेलं रे, नेट गेलं!" समोरच्या खिडकीतनं मात्र काहीच आलं नाही. शिवमूर्ती वाट बघत होता. "गेली, गेली!" ऐकायची त्याला सवय झाली होती. ते आलं नाही. कितीतरी वेळानं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग आक्कांचं काहीतरी हळू बोलणं, मग बायकांच्या चपलांचा आवाज. तो करार आणि पावती हातात घेऊन पायरीवर बसून राहिला. कुणी विचारलं तर दाखवायला. कुणी विचारायला आलं नाही.

पाचच्या आधीच निर्मला परत आली. आज हातात पान नव्हतं. जिन्यात तिनं त्याला बघितलं, पेटी बघितली, त्याच्या हातातला कागद बघितला. ती ओरडेल, छाती पिटेल, हातातली चप्पल फेकून मारेल, काही तरी होईल म्हणून त्यानं अंग आखडून घेतलं. तिनं फक्त साडीचा घोळ उचलला, त्याच्या बाजूनं वर गेली आणि वरनं म्हणाली, "तुमचा च्या राहिला की."

मंगळवारी सयाजी दोन माणसं घेऊन आला आणि पेटी काढून नेली. अकरा वायरी समोर आक्कांच्या जिन्यात गेल्या. शिवमूर्तीच्या भिंतीला चार भोकं राहिली आणि धुळीचा चौकोन. गुरुवारी नवं कनेक्शन आलं. पांढरी डबी, चार दिवे, चारी दिवे अजिबात न हलता जळणारे. जोडणाऱ्यानं चादर काढली, कॉम्प्युटर लावला, म्हणाला, "बघा काका, कसं पळतंय." शिवमूर्ती खुर्चीत बसला. सौंदर्याची खुर्ची, त्याला बुटकी पडणारी. पडद्यावर लिहायची जागा होती आणि काडी लुकलुकत होती. काय लिहायचं? लेकीचा पत्ता त्याच्याकडं नव्हता, जर्मनीतल्या गावाचं नाव त्यानं कधी नीट ऐकलं नव्हतं. अर्ध्या तासानं त्यानं चादर परत टाकली. डबी तशीच जळत राहिली. त्या रविवारी निर्मला चारला निघाली तेव्हा देवळाचं काही बोलली नाही. चपला घातल्या आणि सरळ गल्ली ओलांडून समोरच्या दारात गेली. जिन्यात जाऊन तो उगीचच उभा राहिला. समोरच्यांनी खिडकी लावून घेतली होती. काच बंद असताना काहीच ऐकू येत नव्हतं. आत बायका हसत होत्या एवढं दिसत होतं, आणि निर्मला माईकजवळ वाकलेली. तिचे ओठ हलले. त्यानं डोळे ताणले, पण दोन अक्षरं होती की तीन तेही कळलं नाही.

मग सगळ्या गल्लीला नाव कळलं, त्याच्याशिवाय. सोमवारी सकाळी ज्ञानू दूध घालताना म्हणाला, "मालक, पेढं पोचलं बरं का. नातीचं नाव लई झ्याक ठिवलंय की," आणि पुढं बोलणार, तेवढ्यात निर्मला पातेलं घेऊन दारात आली. तिनं ज्ञानूकडं नुसतं बघितलं. ज्ञानूनं माप खाली ठेवलं, म्हणाला, "आज पाणी पडंलसं वाटतंय," आणि सायकल काढली. शिवमूर्ती त्याच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेला. ज्ञानू, थांब, काय ठेवलं रे नाव? एवढं विचारायचं. दूधवाल्याला. आपल्या नातीचं नाव. झेरॉक्सवाला दुकान उघडत होता, तो बघायला लागला, आणि शिवमूर्ती उगीच खिसे चाचपून परत फिरला. आकाराम शिंप्याच्या मशीनवर एक झबलं होतं, पिवळं, त्यावर दोऱ्यानं काहीतरी भरलेलं. तो जवळ गेला तसं आकारामनं त्यावर दुसरं कापड टाकलं. "बसा, आण्णा," तो म्हणाला, अगदी आदरानं. सगळे आदरानंच वागत होते. त्यांनी निर्मलाकडनं ऐकलं असणार, त्या घरात नाव काढायचं नाही म्हणून. कुणी मोडत नव्हतं.

गणपती गेले, पितर गेले. दसरा आला, सयाजीचा करार ज्या दिवशी संपायचा होता तो दिवस. शिवमूर्तीनं सोनं वाटलं, घरोघर जाऊन, फक्त समोरच्या दारात गेला नाही. घरी येऊन जेवायला बसला. निर्मलानं पुरणाची पोळी वाढली, तूप वाढलं, कटाची आमटी वाढली. तिच्या अंगावर तीच हिरवी इरकल होती. आठ आठवडे तो रोज ठरवत होता, आज विचारायचं. रात्री अंथरुणावर एकेक नाव म्हणून बघत होता आणि प्रत्येक नावाशी पोरीचं नाक जोडून बघत होता. नीला म्हटलं की तो कूस बदलायचा. आता त्यानं घास हातात धरला आणि ताटाकडं बघत म्हणाला, "काय नाव ठेवलं?"

निर्मलाचा हात वाटीवर थांबला. तिनं त्याच्याकडं बघितलं, रागानं नाही, एखाद्या पावण्यानं नकळत काहीतरी विचारावं तसं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि हा चेहरा त्यानं आधी बघितला नव्हता.

"कुणाचं?" तिनं विचारलं.

तो बोलला असता तर तिनं सांगितलं असतं. सौंदर्याच्या लेकीचं, एवढंच म्हणायचं होतं. पण त्यासाठी त्यानंच बंदी घातलेलं ते लेकीचं नाव या घरात, या पाटावर बसून, त्याच्या तोंडातनं निघायला पाहिजे होतं. त्यानं तोंड उघडलं. जीभ टाळूला लागली. समोर निर्मला वाट बघत होती, मनापासून वाट बघत होती, पळीतनं आमटीचा थेंब तिच्या इरकलीवर पडला तरी तिनं खाली बघितलं नाही. सौंदर्याच्या खोलीत डबीचे चार दिवे चादरीवर हिरवे पडले होते. त्यानं तोंड मिटलं.

निर्मलानं पळी परत आमटीत बुडवली. मग वाकली आणि त्याच्या वाटीत आमटी ओतली.

"गरम हाय," ती म्हणाली, "दमानं खावा."